एकोणीस वर्षांचा खोकला

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, ‘जुनी’ हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतो, दुसऱ्याने म्हटलेले मला खपत नाही. विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात, श्रवणकक्षाच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात माझे घर आहे. माझ्याइतके शुद्ध फ्रेंच त्या इमारतीत कोणी बोलत नाही, प्राध्यापकसुद्धा नाहीत. आता खरे सांगायचे तर मी काय बोलते ते मला काडीचेही कळत नाही. पण बोलणाऱ्या सगळ्यांनाच कुठे कळते?

माझा जन्म फार दूरचा. एका लहानशा खोलीत भिंतींना जाड रजया टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. विणलेली शाल पांघरलेल्या एका बाईने पाण्याचा घोट घेतला आणि एक पत्र वाचायला सुरुवात केली. पत्र निम्म्यावर आले तेव्हा तिला हसू फुटले. तिने ते ओठांत दाबले, नाकातून बारीक ‘हं’ असा आवाज निघाला आणि ती पुढे वाचू लागली. काचेपलीकडच्या माणसाने बोट फिरवून, पुन्हा वाचता का, असे विचारले. तिने हात झटकला. राहू दे, म्हणाली असेल.

झाले. ते हसू माझ्या फितीत कायमचे बसले. ती का हसली ते मला ठाऊक नव्हते, पण हसली एवढे पक्के. माझ्या पोटातले मला नाही कळणार, तर कोणाला?

विभागात आले तेव्हा काय माझा थाट सांगू. बाईंनी मला दोन्ही हातांत घेतले. बाई म्हणजे तिथल्या फ्रेंचच्या प्राध्यापिका. फ्रेंच पुस्तकांची चार कपाटे त्यांनी वाचून काढलेली. तिकडच्या नद्या, राजे, चित्रे, नाटके आणि भांडणे सगळे तोंडपाठ, पण तो देश काही त्यांनी पाहिला नव्हता. जायचे दोनदा ठरले. एकदा सासूबाई पडल्या, एकदा विभागात शिकवायला दुसरे कोणी उरले नाही. म्हणून मी म्हणेन ती पूर्व दिशा. “ती म्हणते तसं म्हणायचं,” बाई मुलांना सांगत. “ती श्वास घेते तिथंच श्वास. आपली अक्कल मध्ये घालायची नाही.”

मुलांनी घातली नाही. त्या हसण्याच्या जागी पहिल्याच वर्षी सगळा वर्ग खोकला. बाईंनाही तो खोकलाच वाटला होता. त्यांनी तो वहीत टिपून ठेवला: आठवी ओळ, बारीक खोकला, मग पुढे. तेव्हापासून दर वर्षी वीस-बावीस मुले शिस्तीत खोकत विभागातून बाहेर पडली. त्यांतली काही शाळांमधून शिकवू लागली, मग त्यांची मुलेही खोकू लागली. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण देवाने मला ना कपाळ दिले ना हात.

माझी देखभाल मामांकडे. मामा म्हणजे श्रवणकक्षाचे शिपाई. एकदा मशीनने माझी फीत खाल्ली, तेव्हा त्यांनी ती बोटांनी अलगद सोडवली, टेबलावर निजवून सरळ केली, चिकटपट्टीने सांधली आणि माझ्या चाकात पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली. तेव्हापासून माझ्या दुसऱ्या बाजूला स्टेशनवर तिकीट मागणारा जो माणूस आहे, तो मध्येच गप्प होतो. त्याचे तिकीट अजून निघालेले नाही. चालायचेच, आणखी कोणाकोणाची कामे अडली आहेत या जगात.

माझ्या सतराव्या वर्षी ती मुलगी आली. श्रवणकक्षात लाकडी फळ्या लावून केलेले नऊ कप्पे होते. ही नेहमी शेवटच्या कप्प्यात बसायची, म्हणून मामा तिला ‘नऊ नंबर’ म्हणत. घरी कुलपे दुरुस्त करण्याचे काम. शिकणारी ती पहिलीच. लिहायला बसली की पानेच्या पाने लिही, पण तोंडी परीक्षेला उभी राहिली की खांब. माझे एकोणिसावे वर्ष लागेपर्यंत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की विभागातून नाव कमी होणार आणि ती घरी जाऊन किल्ल्या घासत बसणार, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

तोंडी परीक्षेला तेच पत्र होते. बिचारी रोज मला लावायची. दिवसातून दहा वेळा मागे, दहा वेळा पुढे. माझी हाडे दुखली, पण मी हूं की चूं केले नाही. पोर कष्टाळू असली की मी सगळे सोसते.

एके दुपारी तिने हेडफोन काढला. “मामा, ही खोकत नाहीये. ही हसू दाबतेय.”

मामा झाडत होते. “मग बाईंना सांग.”

“सांगते की. नाव कमी झालं की निवांत सांगते.”

“पण हसतेय कशाला?”

तिने वही उघडली. शब्दकोशातून एकेक शब्द काढून तिने ते पत्र आपल्या बोलीत उतरवले होते. मित्रांनो, एकोणीस वर्षे मी जे बडबडत होते त्याचा अर्थ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एका आईने शिकायला दूर गेलेल्या लेकीला लिहिले होते: ‘तुझ्या भावाने तुझी खाट बळकावली. तुझ्या खिडकीचे दार अजून घासते. बाबा म्हणतात, त्यांना तुझी मुळीच आठवण येत नाही. गेले तीन दिवस ते तुझी सायकल दुरुस्त करत आहेत.’

मामा केरसुणीवर रेलून हसले. “असेच असतात हे बाप लोक.”

“माझे बाबा बघा ना,” नऊ नंबर म्हणाली. “मला वसतिगृहावर सोडताना म्हणाले, बरं झालं, घरातली कटकट गेली. आता दर महिन्याला चार तास बसने येतात, माझ्या पेटीच्या कुलपात तेल घालायला.”

“खराब झालंय का कुलूप?”

“नवंकोरं आहे.”

मग तीही हसली. तस्सेच, ओठ दाबून, नाकातून. माझ्या शालवालीसारखे.

परीक्षेच्या दिवशी मला मशीनमध्ये घालून टेबलावर ठेवले होते, दुसऱ्या प्रश्नातल्या त्या तिकीटवाल्यासाठी. बाहेरचे परीक्षक आले होते. सत्तरीचे, जन्माने फ्रेंच. शेजारी बाई, इस्त्रीच्या साडीत ताठ. मुले एकेक करून आत आली, कागद धरून पत्र वाचू लागली आणि आठव्या ओळीला खोकली. तिसऱ्या खोकल्याला साहेबांनी उठून खिडकी लावली. पाचव्याला पाण्याचा पेला पुढे सरकवला. सातव्यानंतर ते बाईंच्या कानाशी काही बोलले आणि बाईंचे कान लाल झाले. ते काय बोलले, हे बाईंनी मामांना नंतर सांगितले. साहेबांनी विचारले होते, तुमच्या गावात साथ आली आहे का?

तेवढ्यात नऊ नंबर आत आली. तिची काय अवस्था असेल. खोकावे तर साहेब पाणी पाजणार, न खोकावे तर बाई समोर. वाचता वाचता ती आठव्या ओळीला पोचली. तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी सवयीने मान हलवली, खोक म्हणून. आणि पोरीला हसू फुटले. ठरवून नाही हो. मला तर वाटते, तेलाची बाटली खिशात घालून बसमधून उतरणारे ते गृहस्थ तिच्या डोळ्यांसमोर आले. तिने ओठ दाबले, ‘हं’ झाले, आणि सायकलची ओळ तिने अशी वाचली की जणू पत्र तिच्याच घरून आले होते.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. तेही हसले. चष्मा काढून त्यांनी तिला काहीतरी विचारले. दोन वर्षे खांबासारखी उभी राहणारी ती पोर बोलायला लागली. कुलूप, पेटी, बस, बाप. शब्द अडला तिथे तिने हवेत किल्ली फिरवून दाखवली. चुका किती केल्या असतील कोण जाणे, पण साहेबांनी एकदाही थांबवले नाही. पहिली वगैरे काही आली नाही. चार गुणांनी काठावर पास. पण नाव राहिले.

दुपारी सगळे गेल्यावर बाई एकट्या श्रवणकक्षात आल्या. नऊ नंबरच्या कप्प्यात बसून त्यांनी मला ऐकले. मागे घेतले, पुन्हा ऐकले. मग हेडफोन मांडीवर ठेवून म्हणाल्या, “मामा, एकोणीस वर्षं मी पोरांना खोकायला लावलं.”

“असू द्या बाई,” मामा म्हणाले. “खोकल्यानं कोणी नापास नाही झालं.”

बाईंना हसू आवरेना. वहीतली ती ओळ त्यांनी खोडली. मला चोळून पुसले आणि स्वतःच्या हाताने डबीत ठेवले.

त्या महिन्यात नऊ नंबरचे वडील तेल घालायला आले. तिने त्यांना श्रवणकक्षात आणून कानाला हेडफोन लावला. “ऐका, हिच्यामुळं पास झाले.” पत्रात काय आहे ते तिने मुद्दामच सांगितले नाही. ते गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षा झाल्यासारखे बसले. आठवी ओळ आली तशी त्यांची मान वर झाली. “इथं या बाईला हसू आलं बघ.”

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

“कुलपाच्या आत काय अडकलंय ते दिसतं का? आवाजावरून कळतं.”

परवा मला संगणकात उतरवून घेतले. ते करणारा माणूस म्हणाला, “मध्ये एक खरखर आहे, काढून टाकतो.” आता बाईंचे केस पांढरे झाले आहेत, पण जीभ तीच. “हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “पत्र गेलं तरी चालेल, तेवढं राहू द्या.”

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हा जुन्या कॅसेटना उन्हात टाकू नका, लोहचुंबकाजवळ ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी फिरवा, नाहीतर फीत चिकटते. आणि परकी भाषा शिकायला बसाल तेव्हा आधी शेवटपर्यंत ऐका. मधेच कुणी खोकल्यासारखे वाटले, तर स्वतः खोकायच्या आधी विचारा, बाई, काय झाले?