अठ्ठेचाळीस व्होल्टचा सौदा

ट्रॅक्टरची बॅटरी उतरली आणि डाळिंबाची बाग जागच्या जागी थांबली. ओळींमधून चालणारा छोटा ट्रॅक्टर, त्याची बॅटरी विजेवर भरायची. मी त्यावरून उतरलो तेव्हा पुढे चाललेली माझी बायको अनसा एक पाय उचलून उभी होती. वाऱ्याने वर गेलेला पदर खाली आला नव्हता. मी तिला हाका मारल्या. मग जुना चार्जर उघडला, तर त्यात मुंग्यांनी माती भरून ठेवली होती.

नवा आणायला निघालो, तसं ते थांबणं माझ्या मागून यायला लागलं. कुंपण ओलांडून आलं. गायकवाडांच्या शेळ्या थांबल्या, पाटाचं पाणी थांबलं. नंतर मी मागे पाहायचं सोडून दिलं.

दस्तगीर पूर्वी बैलबाजारात दलाल होता, आता बॅटऱ्या आणि चार्जर विकतो. दुकानातले सगळे खोके सारखे होते, एकावरही आकडा नव्हता. बाग थांबल्याचं त्याला कळलं होतं. काकी कोणत्या पायावर उभ्या आहेत, एवढंच त्याने विचारलं. उजव्या, मी म्हणालो. मग लवकर करा, म्हणाला, त्यांचा तो गुडघा दुखतो, पडतील.

यातला कोणता घेऊ, मला समजेना. बैलबाजारात कापडाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसा त्याने टॉवेल आमच्या हातांवर टाकला. खाली माझी चार बोटं धरली, मग आठ. माझ्या एका हाताला आठ बोटं कुठून आली, ते कळलं नाही. अठ्ठेचाळीस. पण समोरच्याने सांगितलेल्या आकड्याला हो म्हणायची माझ्या हाताला सवय नाही. मी त्याची तीन बोटं दाबली, मग सहा.

"काका, हे व्होल्ट आहेत," दस्तगीर म्हणाला.

"तरी काहीतरी सोड की."

थांबणं पायरीवर आलं होतं. तिथलं कुत्रं अर्ध्या जांभईत राहिलं.

"मी बारा सोडतो," तो म्हणाला. "ट्रॅक्टर काही ते सोडणार नाही."

त्याने टॉवेल उचलला. पुढच्या खोक्यावर छत्तीस उमटलं होतं.

मी शेळ्यांना वळसा घालून बागेत आलो. अनसाचा गुडघा थरथरत होता, बाकी सगळं थांबलेलं. चार्जर सॉकेटात खोचून ट्रॅक्टरला लावला, पण पिन सैल बसली, म्हणून वायर मुठीत दाबून धरली. हिरवा दिवा लागला. पदर खाली आला, मग अनसाचा पाय जमिनीला टेकला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात माझे पाय जड झाले, जीभही हलेना; राहिलेले बारा माझ्यातून जात होते.

केवढ्याचा आणलात, अनसाने विचारलं. मग तिने खोक्यावरचा छत्तीसचा आकडा वाचला.

"म्हणजे तिथंही घासाघीस केलीत," ती म्हणाली. "एखादी वस्तू मागितल्या भावाने घेतली असतीत, तर काय बिघडलं असतं?"

उरलेल्या ओळी करायच्या म्हणून ती ट्रॅक्टरवर बसली. ट्रॅक्टर निघाला, तशी माझ्या मुठीतून वायर सुटत गेली. मागे पाहिलं तर सॉकेटमध्ये काहीच नव्हतं. ओळीच्या टोकाला अनसा वळली. वायर संपली, तरी ट्रॅक्टर चालतच होता, आणि आता माझं मनगट उलगडत होतं.