मॅब्री फुकट का पळतो

अमेरिकन फुटबॉलच्या वसंतातल्या सराव सामन्यात मॅब्रीने आपल्याच संघातल्या डेव्रिक पेटवेला मागून गाठून पाडलं आणि तेव्हापासून डेव्रिकची झोप उडाली. समोर कुणी नाही, चेंडू काखेत, मोकळं मैदान, आणि तरी हा पठ्ठ्या गोललाइनच्या अलीकडे तोंडावर आपटला. दुसऱ्या दिवशी कोच स्टॉलवर्थनी सगळ्या संघासमोर तो व्हिडिओ लावला आणि नेमका तिथेच थांबवला.

"पेटवे, गर्दीतून निसटतोस तेव्हा तुला बघून माझं काळीज हलतं. पण मोकळा झालास की काय होतं रे? कमरेला कुणी नांगर बांधतं का तुझ्या?"

सगळे खो खो हसले. मॅब्रीही हसला, ते डेव्रिकने बरोबर टिपलं.

"ऑगस्टच्या सराव सामन्यात मला तो शेवटचा वेग दिसला पाहिजे," कोच म्हणाले. "दिसला तर पहिल्या सामन्याला तू. नाहीतर रफिन."

रफिन हे मोबील शहरातून आलेलं नवं पोर, वाऱ्यासारखं पळणारं. डेव्रिकचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. या मोसमात बाकावर बसला तर मोठ्या संघांची माणसं त्याला बघायला कशाला येतील? अलाबामातल्या त्याच्या गावी त्याचा फोटो न्हाव्याच्या दुकानात लावलेला होता, आणि तो उतरवावा लागू नये एवढीच त्याची इच्छा होती.

आणि त्याच संध्याकाळी मॅब्री त्याच्या दारात उभा.

"उद्यापासून सकाळी बंधाऱ्यावर ये. तू पुढे पळायचं, मी मागून गाठायचं. बघू किती दिवस गाठतो ते."

डेव्रिक हो म्हणाला खरा, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. टेरेल मॅब्री म्हणजे संघाचा सेफ्टी, बचावातला सगळ्यात मागचा राखणदार. निसटलेल्याला पाडणं हेच त्याचं काम. ज्याने पाडलं तोच आता पळायला शिकवणार? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तसा डेव्रिक जन्मापासून संशयी नव्हता. मागच्या मोसमात संघाच्या एका मदतनिसाने त्याला भाजलेल्या बरगड्या खाऊ घातल्या, पाठीवर हात ठेवून गुडघ्याची चौकशी केली, आणि यानेही भोळेपणाने दुखतंय म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात बाहेरगावच्या सामन्यातून याचं नाव गेलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की हा आधी त्याचे हात बघायचा.

बंधाऱ्यावरची लाल माती सकाळीसुद्धा तापलेली असायची. मॅब्री त्याला थोडं पुढे उभं करायचा, "पळ!" म्हणून ओरडायचा आणि हात धुऊन मागे लागायचा. पहिले काही दिवस त्याने डेव्रिकला रोज गाठलं, आणि प्रत्येक वेळी धापा टाकत एकच पालुपद.

"मान वळवलीस. मान वळली की खांदा उघडतो, पाऊल आखडतं. त्या दिवशीही तू वर पडद्याकडे बघितलंस म्हणून मला सापडलास."

पडदा म्हणजे मैदानाच्या टोकाला लावलेला तो अवाढव्य व्हिडिओ पडदा. मोकळा सुटलेला गडी त्याच्याच दिशेने पळत असतो, आणि मागे कोण लागलंय ते मोटारीच्या आरशात दिसावं तसं त्यात दिसतं. बघायचा मोह बहुतेकांना होतो. डेव्रिकला जरा जास्तच व्हायचा.

"मागे बघायचंच नाही?"

"अजिबात नाही. मागे भूत असो नाहीतर तुझी सासू."

सल्ला सोन्यासारखा होता, पण तो कुणाच्या तोंडचा होता? मागून येऊन काखेतल्या चेंडूवर बुक्की मारायची, ही मॅब्रीची सगळ्यांना माहीत असलेली खोड. चेंडू सुटला की वाहवा त्याची आणि बदनामी पळणाऱ्याची. मग हा 'मागे बघू नकोस' म्हणतो ते कुणाच्या सोयीसाठी? डेव्रिकला वाटलं, हा केसाने गळा कापतोय.

रविवारी चर्चनंतर डेव्रिकच्या ओडेसा आत्याकडे तळलेला मासा आणि मक्याची भाकरी होती. मॅब्रीही आला होता, आणि दोनदा वाढून घेऊन अंगणात झोपाळ्यावर जाऊन पडला होता. डेव्रिकने आवाज खाली आणून आत्याला सगळं सांगितलं.

"तुझा बाप अस्साच," आत्या म्हणाली. "कुणी वाढदिवसाचं कार्ड पाठवलं तरी आधी पाकिटाचा वास घ्यायचा. अरे, तोंड आहे ना तुला? विचार सरळ, बाबा, तू फुकट का पळतोस?"

त्याने विचारलं. मॅब्री झोपाळ्यावरून उठलासुद्धा नाही.

"आत्याच्या हातचा मासा मिळतो ना. आणखी काय पाहिजे?" असं म्हणून तो हसला, पण बोलताना नजर बुटांकडे होती. बस्स, डेव्रिकला तेवढंच पुरे होतं.

पुढे मॅब्री फोन एका खांबाला टेकवून रोजचं पळणं चित्रित करायला लागला. एकदा जेवणघराच्या काचेतून डेव्रिकला दिसलं, की मॅब्री तोच फोन कोचना दाखवतोय आणि कोच मान हलवतायत. हा आत गेला तसे दोघे गप्प झाले. आता काही शंकाच उरली नाही. आपल्या चुका गोळा करून हा कोचच्या पदरात टाकतोय!

जुलै संपता संपता एक नवंच झालं. मॅब्री त्याला गाठू शकेना. अंतर रोज वाढायला लागलं. एखाद्या सरळ माणसाने आनंदाने उडी मारली असती. आमच्या डेव्रिकने काय केलं? त्याने ठरवलं, हा मुद्दाम हळू पळतोय. आपल्याला गाफील ठेवतोय, आणि सामन्याच्या दिवशी खरा वेग काढणार. मला तर त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

"तू जीव तोडून पळत नाहीयेस," तो मॅब्रीला म्हणाला.

मॅब्री गुडघ्यांवर हात ठेवून, घाम गाळत उभा होता. त्याने मान वर केली. "खरंच असं वाटतं तुला?"

"वाटतं."

"मग उद्या लवकर ये," एवढंच तो म्हणाला, आणि मांडी चोळत निघून गेला.

ऑगस्टच्या सामन्याला निम्मं गाव लोटलं. ओडेसा आत्या उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. संघाचे दोन भाग केले होते, डेव्रिक एकीकडे आणि मॅब्री दुसरीकडे.

दुसऱ्या सत्रात ती वेळ आली. चेंडू हातात पडला, डावीकडे एक फट दिसली, डेव्रिक तिच्यातून वाकून निसटला आणि समोर नुसतं हिरवं मैदान. लोक उठून उभे राहिले. पायांना जणू कुणी तेल घातलं होतं. असा तो आयुष्यात पळाला नव्हता, आणि ते त्याला पळतानाच कळत होतं.

त्याने वर बघितलं. पडद्यावर तो एकटाच होता. मागे मॅब्री नव्हता.

नव्हता म्हणजे? असा कसा नसेल? पडद्यात दिसत नाही म्हणजे आडोशाने येतोय, उजवीकडून. त्याने उजवीकडे मान वळवली. कुणी नाही. मग डावीकडून असणार, बुक्कीच्या तयारीत. त्याने दोन्ही हातांनी चेंडू छातीशी घट्ट धरला आणि डावीकडे बघितलं. दोन्ही हात अडकले की माणूस पळत नाही, नुसता डुलतो. तेवढ्यात कुणाचा तरी पंजा त्याच्या घोट्यावर पडला आणि तो कोसळला. गोललाइन हातभर लांब होती.

त्याला पाडलं होतं व्होगेलने. व्होगेल म्हणजे संघातला अगडबंब गडी, ज्याला जेवणाच्या रांगेतसुद्धा कुणी कधी घाईने जाताना बघितलं नव्हतं.

डेव्रिक उठला तर मैदान शांत होतं. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. पार मागे, जिथून तो निसटला होता तिथे, मॅब्री मांडी धरून पालथा पडला होता आणि डॉक्टर त्याच्याकडे धावत होते. डेव्रिकच्या मागे पळायला म्हणून मॅब्रीने झेप घेतली आणि पहिल्या दोन पावलांतच त्याच्या मांडीचा स्नायू फाटला होता.

आणि डेव्रिकच्या मनात पहिला विचार काय आला? नाटक करतोय. खरंच आला. नंतर त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने तो कुणालाही सांगितला नाही.

कोच स्टॉलवर्थ टोपी काढून त्याच्याजवळ आले.

"महिनाभर तो मला फोनवर स्वतःचं पळणं दाखवत होता," ते म्हणाले. "मागच्या वर्षी घरच्या मैदानावर सगळ्यांनी त्याला मागे टाकलं, लोक हसले. मोठ्या संघांनी त्याच्या नावावर काट मारली. म्हणून त्याला पुढे पळणारा कुणीतरी जोरकस गडी हवा होता, ज्याच्या मागे पळून त्याचा स्वतःचा वेग वाढेल. तुला सांगू नका म्हणायचा, लाज वाटते. आणि मागच्या आठवड्यात म्हणाला, कोच, पेटवे आता मला सापडत नाही. हवा तेवढा जीव तोडला तरी सापडत नाही."

डेव्रिकने मागे पडलेल्या मॅब्रीकडे पाहिलं.

"पहिला सामना रफिन खेळेल," कोच म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

मॅब्रीला छोट्या गाडीवर ठेवून बाहेर नेत होते. डेव्रिक धावत जाऊन गाडीच्या कडेला पोचला. मॅब्रीने डोळ्यांवरचा हात काढला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोचलास ना रे?"

"नाही."

"कुणी गाठलं?"

"व्होगेलने."

"व्होगेलने?" तशा दुखण्यातही मॅब्रीला हसू फुटलं. "त्या पिंपाने? म्हणजे मान वळवलीस तू."

"हो."

"पण कुणाला शोधत होतास, लेका? मी तर इथे पडलो होतो."

डेव्रिकने गाडीची दांडी घट्ट धरली. "तुलाच."

मॅब्रीचं हसू हळूहळू उतरलं. त्याला सगळं समजत गेलेलं डेव्रिकला दिसत गेलं.

"रोज सकाळी हाच संशय?" त्याने विचारलं. "बंधाऱ्यावरसुद्धा?"

"रोज."

मॅब्रीने हात पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि गाडीवाल्याला म्हणाला, "चल भाऊ."