यादीतलं पहिलं नाव

मिरजगावच्या भीमाबाईनं ग्रामसभेत हटून ठराव करून घेतला. मुक्या जनावराला छळलं म्हणून कोर्टानं ज्याला दोषी धरलं, त्याचं नाव पंचायतीच्या भिंतीवर लिहायचं, आणि गावात कुणी त्याला जनावर द्यायचं नाही. टाळ्या पडल्या, पेंटर आला. आणि पहिलं नाव कुणाचं? तिच्याच पाठच्या भावाचं, रामहरीचं! आता बोला.

चिखलात गाडी रुतली म्हणून रामहरीनं हौश्या बैलाला लोखंडी पहारीनं मारलं होतं. कर्जतच्या कोर्टात साक्ष द्यायला भीमाबाईच गेली. तेव्हापासून हौश्या तिच्या गोठ्यात. रामहरी एकटा जीव. त्याला ती रोज न चुकता भाकरी पाठवायची. पण बैलाचं नाव काढलं की डोळे वटारायची.

तसा रामहरी आता पार बदलला होता. वाटेत कुत्रं निजलेलं दिसलं तर सायकलवरून उतरून कडेनं जायचा. ते बघून बहिणीचा जीव तुटायचा, पण बोलून कोण दाखवतं!

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात. रामहरी वाटी घेऊन दारात उभा राहिला.

"आक्का, आजच्या दिस मला मळू दे. आन् ते भिंतीवरलं नाव... लोकं वाचत्यात गं."

"मेल्या, वाचावं म्हनूनच लिव्हलंय!" भीमाबाई कडाडली. मग त्याचं उतरलेलं तोंड बघून विरघळली. "ये आत. हौश्यानं तुला जवळ येऊ दिलं, तर पुढच्या ग्रामसभेत मी सोता उभी ऱ्हाऊन तुजं नाव पुसायला लावते."

रामहरीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "हौश्या, माज्या राजा," म्हणत तो गोठ्यात शिरला.

आवाज ऐकला मात्र, हौश्या मागं सरला तो थेट भिंतीला टेकला. दावं ताणलं, अंगावरची कातडी थरथरायला लागली.

रामहरी जागीच थांबला. पुढं एक पाऊल टाकलं नाही त्यानं. वाटी खाली ठेवली.

"तुजी सवय न्हाई ऱ्हायली रं त्याला," भीमाबाईच अजिजीनं म्हणाली. "थांब जरा, येईल जवळ."

"न्हाई आक्का. वळखलं त्यानं मला. नाव ऱ्हाऊ दे. त्याच्या मनातनं कुटं पुसलंय अजून?"

आणि तो बाहेर जाऊन बसला, हौश्याला दिसणार नाही असा, पत्र्याच्या आडोशाला. भीमाबाईनं वाटी उचलली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्याला शांत केलं आणि खांदे मळायला लागली. थोड्या वेळानं पत्र्याआडून दबका आवाज आला,

"उजवा खांदा लई हुळहुळा हाय त्याचा. तितं हळू लाव, आक्का."

भीमाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिला समोरचं काही दिसेना. तिनं चाचपडतच उजव्या खांद्याला हळू तूप लावलं.