वळणावरची टकटक

देवचार हा आमच्या पेडणे महालातील अत्यंत परिश्रमी अधिकारी होय. त्याला वेतन नाही, रजा नाही, निवृत्ती तर नाहीच. खांद्यावर कांबळे आणि हातात काठी घेऊन तो गावाची सीमा राखत हिंडतो, आणि वर्षाकाठी मिळणारा एक रोट, एक विडी व घोटभर दारू एवढ्यावर संतुष्ट असतो. अशा निरपेक्ष राखणदाराच्या माथ्यावर गावाने आपल्या प्रमादांची किती गाठोडी ठेवावीत, याला मात्र मर्यादा उरलेली नाही. विहीर आटली, देवचार. म्हैस आटली, देवचार. एका चैत्रात तर एका वाहनाच्या पुढच्या डाव्या चाकाचा सांधासुद्धा त्याच्याच नावे लिहिला गेला.

वाहन शांताराम परबाचे. शांताराम पूर्वी डिचोलीकडच्या एका खाणीवर यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावर होता. खाणी बंद झाल्या तेव्हा तो गावी परतला आणि मोपाच्या पठाराला लागून असलेली घराण्याची काजूची बाग करू लागला. बाग त्याची एकट्याची नव्हती. त्याची आणि त्याचा चुलतभाऊ मधुकर याची होती. दोघांच्या आजोबांनी शेवटच्या आजारात सांगून ठेवले होते, की बागेचे तुकडे करू नयेत. ज्याला हंगाम पेलेल त्याने ती करावी आणि न पेलल्यास निमूटपणे दुसऱ्याच्या हाती द्यावी. म्हाताऱ्याचा हेतू गंगाजलासारखा निर्मळ होता. परिणाम एवढाच झाला, की काजूला मोहोर आला की मधुकर चुलतभावाच्या प्रकृतीची चौकशी फार आस्थेने करू लागे.

हंगाम पेलणे म्हणजे बोंडू वेळेवर खाली आणणे. काजूचे बोंडू हे फळ मोठे मानी असते. ते आपल्या इच्छेने गळते, आणि गळल्यावर लवकर दारूच्या भट्टीपर्यंत पोचवले नाही तर रुसून आंबून जाते. पूर्वी सिंधुदुर्गातून येणारे गडी टोपल्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरत. पण पठारावर विमानतळाचे काम निघाले आणि ते सारे गडी तिकडे गेले. तेव्हा शांतारामाने हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत उडवून थकलेली एक एटीव्ही विकत घेतली. चार फुगीर चाके, मोटारसायकलीसारखे हँडल, पुढेमागे सामान ठेवायला लोखंडी जाळ्या. ती चढण चढताना जागच्या जागी उड्या मारी, म्हणून गावाने तिचे नाव 'बेबो', म्हणजे बेडूक, असे ठेवले. नामकरणात आमच्या गावाने कधी आळस केलेला नाही.

आता या वाहनातून आवाज येऊ लागला. घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतची वाट सुतासारखी सरळ आहे. तिथवर वाहन ऋषिमुनींसारखे मौन पाळी. पायथ्याशी एक मोठे वळण आहे आणि त्या वळणावर, किंदळीच्या झाडाखाली, देवचाराचा पाषाण आहे. नेमके तिथे वाहन वळले, की चाकाजवळून 'टक्, टक्, टक्' असा नाद उठे. वळण संपले की पुन्हा शांतता. चढताना टकटक, उतरताना टकटक.

हा नाद प्रथम ओळखला तो कृष्णनाथ नाईकांनी. कृष्णनाथ देवस्थान समितीचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, परंतु निर्णय देण्याची सवय निवृत्त झालेली नव्हती. एकदा शांतारामाच्या मागे बसून ते डोंगरावर निघाले होते, ते वळणावरच गाडी थांबवून उतरले.

"शांताराम, ही काठी."

"कसली काठी?"

"कसली म्हणून विचारतंय? त्याचीच. तो आपटता. यंदा रोट दिल्लंय?"

यंदा गडी मिळेनात, बोंडू आधीच गळू लागले, त्या धांदलीत रोट राहून गेला होता.

नैयायिक सांगतात, की जिथे धूर तिथे अग्नी, हे साहचर्य वारंवार पाहूनच माणूस अनुमान करतो. आमच्या गावाचे निरीक्षण निर्दोष होते: जिथे देवचार, तिथे टकटक. एका दिवसात चार जणांनी जाऊन पडताळाही घेतला. जिथे देवचार तिथेच वळणही आहे, हा क्षुल्लक तपशील तेवढा कोणाच्या ध्यानी आला नाही. खुद्द शांतारामाच्याही आला नाही. खाणीवरचे अजस्र डंपर ज्याने कान लावून बरे केले, त्याचा कान त्या वळणावर हात जोडून उभा राहू लागला. राहिलेल्या रोटाची भीती मोठी असते.

मधुकरला या प्रकाराने अतीव दुःख झाले. ते त्याने घरोघरी जाऊन सांगितले.

"राखणदाराक आमचो शांताराम नको जालो," तो म्हणे, "आता मी काय करू? बाग घेवची लागतली. माझी इच्छा ना, पण देवाच्या फुड्यात कोण?"

शांतारामाने रोट दिला, विडी ठेवली, दारू ओतली. नाद थांबला नाही. तेव्हा गुरुवारी सकाळी पाषाणापुढे गाऱ्हाणे घालण्याचे ठरले. गाऱ्हाणे घालायला खणखणीत गळा लागतो, आणि मधुकरने तो आपण होऊन देऊ केला. गावकरी अर्धवर्तुळात उभे राहिले, शांताराम मध्ये, त्याच्या शेजारी बेबो. मधुकरने नारळ हातात घेतला.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"आज हो जो काय शांताराम तुझ्या दारात उभो आसा, त्याच्या गाडयेत जो काय टकटक आवाज येता, तो तुझ्याच काठयेचो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"येत्या सोमारी गाडी ह्या वळणार वाजली, तर ह्या बागेत त्याचो पाय तुका नको असां आम्ही समजतलंव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि मुकी गेली, तर बाग त्याची, परत कोणी त्येचां नाव काढूचा नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शेवटचे कलम मधुकरने किंचित घाईने म्हटले. त्याचा उपयोग होणार नाही याची त्याला खात्री असावी. गाऱ्हाण्यात एकदा 'होय म्हाराजा' पडले की ते न्यायालयाच्या निकालाहून बळकट. निकालावर अपील तरी असते.

शांताराम घरी येऊन ओटीवर बसला. बाग गेली तर भट्टी जाणार, भट्टी गेली तर पुन्हा कुठल्या तरी परक्या दारी यंत्रे पुसायला जावे लागणार. आणि तेही आता कोण ठेवणार? डोंगरावर गळलेले बोंडू त्याने सोमवारपर्यंत आणायचेच सोडले. काजूच्या बिया तेवढ्या अंगणात वाळत घालायच्या होत्या आणि वाहन नेमके मध्येच उभे. त्याची बायको जानकी दोनदा म्हणाली, "गाडी काढा." तिसऱ्यांदा तिने पदर खोचला आणि स्वतःच वाहनावर बसली. अंगण लहान, मध्ये तुळस. वाहन बाहेर काढायचे तर तुळशीला वळसा घालणे भाग होते.

टक्, टक्, टक्, टक्.

जानकीने एक वळसा पुरा केला. थांबली. मग मुद्दाम दुसरा घातला.

"अवो! जरा हय येवा!"

"कित्याक?"

"तुमचो देवचार आमच्या तुळशीक प्रदक्षिणा घालता. धार्मिक आसा हां पण!"

"बंद कर ती गाडी! मस्करी नको."

"मस्करी खंयची? बघा, सरळ नेली तर गप्प. वळयली की बोलता. देवचाराक वाकडां आवडना असतलां, मगे तुमच्या मधूभावजींच्या मागे कित्याक लागना तो?"

शांताराम उठला. अंगणात येऊन तो चाकाशेजारी खाली बसला आणि तिला म्हणाला, "आणखी एक फेरो मार, सावकाश." वाहन फिरले, तसा तोही वाकून त्याच्याबरोबर फिरला. खाणीवर विसरून आलेला त्याचा कान त्या फेरीत परत आला.

त्याने चाकाखाली चिऱ्याचे दगड रचले, जॅक लावला, चाक उतरवले. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे दांड्याला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळले तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा, जोडलेला असतो, तिथे घड्या घड्यांचा काळा रबरी बूट असतो. सांध्यातले ग्रीस आत राहावे आणि बाहेरची धूळ बाहेर राहावी, एवढेच त्याचे कर्तव्य. तो बूट एका बाजूने चिरलेला होता. आणि चिरणारे शस्त्रही तिथेच दांड्याला घट्ट गुंडाळलेले सापडले: झेंडूच्या माळेचा नायलॉनचा दोरा.

दसऱ्याला वाहनाची पूजा झाली होती. पुढच्या जाळीवर कृष्णनाथांनी स्वतः देवळातली माळ चढवली होती. पूजेचे फूल हाताने काढायचे नाही, ते आपोआप गळू द्यायचे, ही आमच्याकडची रीत. फुले रीतीप्रमाणे गळली. दोरा कोणाच्या रीतीत बसत नव्हता. तो ओघळत खाली गेला, फिरत्या दांड्याला वेटोळे घालून बसला आणि महिनोन्‌महिने रबर कापत राहिला.

"बघ," शांताराम म्हणाला.

जानकीने पाहिले. "भक्ती घट्ट आसा."

दुसऱ्या दिवशी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार होता. तिथल्या एका सुट्या भागांच्या दुकानातून शांतारामाने नवा बूट, क्लिपा आणि काळ्या ग्रीसचा डबा आणला. दुपारी त्याने दांडा बाहेर ओढला, फाटका बूट कापला आणि लाकडी हातोड्याने ठोकून सांधा उतरवला. आत ग्रीस उरलेच नव्हते. होता तो डोंगरावरच्या तांबड्या मातीचा आणि हरमलच्या वाळूचा दाट लगदा, नाचणीच्या आंबिलीसारखा. त्याने एकेक पोलादी गोळी काढून रॉकेलच्या ताटात टाकली, खोबणी घासल्या, वाळवल्या, उन्हात धरून पाहिल्या. खोबणींच्या कडेला बारीक चरे होते. परंतु खोल खळगा नव्हता. हा सांधा अजून काही हंगाम चालेल, असे त्याने ठरवले. मग गोळ्या जागच्या जागी बसवून त्याने ग्रीस बोटाने दाबून दाबून भरले, बूट चढवला, क्लिपा आवळल्या. चाक लावून तुळशीभोवती दोनदा फिरला. वाहन मुके झाले होते.

"आता सांगा जावन सगळ्यांक," जानकी म्हणाली.

"सोमारी सांगतलंय."

"आधी सांगा. मागाहून सांगितल्यार चोरी दिसता."

"आधी सांगितल्यार मधू दुसरां गाऱ्हाणां काढतलो," शांताराम म्हणाला, आणि एवढ्या एका बाबतीत तो आपल्या बायकोहून शहाणा ठरला.

सोमवारी सकाळी वळणावर अख्खा गाव जमला. मधुकर पांढरा सदरा घालून आला होता. बागेचा ताबा घेताना माणसाने नीटनेटके असावे. बेबो सरळ वाटेने आली, वळली आणि निःशब्द पुढे गेली. शांतारामाने तिला वरून फिरवून पुन्हा आणले. पुन्हा निःशब्द. कृष्णनाथांनी हात जोडून डोळे मिटले.

"रांवा, रांवा!" मधुकर ओरडला. "ह्याणी गाडी खोलल्यान! माझ्या बायलेन बघितल्यान कुंपणावरसून. सांधो धुतल्यान ह्याणी!"

कृष्णनाथांनी एक डोळा उघडला. "म्हणजे आवाज सांध्याचो होतो?"

"सांध्याचोच! दुसरो कोणाचो?"

"मगीर गुरवारी ह्या पाषाणाफुडे, काठयेचो म्हणून कोणी सांगितलान?"

गावकऱ्यांनी मधुकरकडे पाहिले. राखणदारापुढे खोटे गाऱ्हाणे घालणाऱ्याचे काय होते, हे लहानपणापासून सर्वांना, आणि सर्वांत चांगले मधुकरला, ठाऊक होते. त्याच्या सदऱ्यावर घामाचे ठिपके उमटू लागले.

"मी काय... सगळ्यांनी सांगितल्यानी, म्हणून मी सांगितलंय," तो म्हणाला. "सगळ्यांनी होय म्हटल्यानी."

"खरां सांगतंय," शांताराम खाली उतरून म्हणाला. "मीच खोललंय. बूट फाटलेलो, आत माती गेल्ली. देवचाराचो काय संबंध नाय. नाईकांनू, तुमच्याच माळेचो दोरो होतो."

हे शेवटचे वाक्य त्याने गाळले असते तर बरे झाले असते. परंतु कृष्णनाथांसारखी माणसे अशा प्रसंगी डगमगत नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि निर्णय दिला: राखणदारानेच शांतारामाला वाहन खोलण्याची बुद्धी दिली; देवळातल्या दोऱ्याने दोष दाखवला; म्हणून गाऱ्हाणे खरे, वाहन मुके, बाग शांतारामाची. सर्वांचे मन राखणारा असा निकाल कोणत्याही कोर्टात मिळणार नाही. गावकऱ्यांना तो अतिशय पसंत पडला. शांताराम पुन्हा काही बोलणार होता. जानकीने त्याच्या बाहीला हळूच चिमटा काढला.

गाव पांगला. मधुकर उभाच राहिला होता.

"मधू," शांताराम म्हणाला, "गुरुवारपासून बोंडू पडत आसत. अर्धे कुसले असतले. दोघांनी वेचले तर जेवणाआधी खाली येतले. येतंय?"

मधुकरने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि मागच्या जाळीवर, तोंड गावाकडे करून, बसला. दुपारपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. संध्याकाळी भट्टीवर, आधीच आंबवून ठेवलेल्या रसातून, यंदाच्या हुर्राकाची, म्हणजे काजूच्या कोवळ्या दारूची, पहिली धार पडली. तिचा पहिला पेला शांतारामाने पाषाणापुढे नेऊन ओतला, दुसरा चुलतभावाच्या हाती दिला. मधुकरने तो संपवला, आणखी एक मागून घेतला, तोही संपवला, आणि पेला पालथा घालून अत्यंत गंभीरपणे सांगितले, की यंदा जरा पातळ आहे.