तार तुटल्याची खूण

स्टुडिओवाल्या शेठचा हुकूम एकच: वाइड फोटो माणसं यायच्या आधी काढायचा. रिकाम्या खुर्च्या, झुंबरं, फुलांचं स्टेज. माणसं आली की म्हणे शोभा जाते! फोटो काढणाऱ्या गोपालचं डोकंच फिरायचं. लग्न काय खुर्च्यांचं असतं?

आज तर नवागामच्या कारागीर-वस्तीतल्या गल्लीतच मांडव होता. भटूदादाच्या मुलीचं, हर्षदाचं लग्न. गोपाल अन् भटूदादा पूर्वी एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायचे. गोपालनं कॅमेरा धरला, भटूदादा मागावरच राहिला.

सकाळीच भटूदादाच्या बायकोनं, मंगलावहिनीनं, गोपालला गाठलं. "गोपालभाऊ, मन्हा लगीनमा मन्हा बापना एकबी फोटू नही. तो पंगतमा वाढतच ऱ्हायना. आते आमना हाई बी तेच करतीन. हर्षदाना अल्बममा बाप पाहिजे, बस."

"एवढंच ना वहिनी? काढतो."

एवढंच कसलं! लेन्स दिसली की भटूदादा वरणाची बादली उचलून कनातीमागं पसार.

"पाव्हण्यांचे काढ ना भो! माझं थोबाड काय सोन्याचं?"

जन्मभर दुसऱ्यांसाठी झगमगीत कापड विणणाऱ्याला स्वतःच्या थोबाडाची लाज. ती त्याला शिकवली कुणी? असं शिकवणाऱ्यावर गोपालचे हात शिवशिवायचे.

अक्षता पडल्या. माणसांसकट वाइड फोटो काढायला गोपाल गल्लीच्या तोंडाशी जिन्यावर चढला. मांडवाखाली सगळं दिसत होतं: नवरानवरी, वरण-बट्टीच्या पंगती, दारादारांत बाया. बाप तेवढा कनातीमागं. गोपालनं हाका मारल्या, पण डीजेपुढं ऐकतो कोण!

मग त्याला खातं आठवलं. तिथंही मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, सगळं हातानंच. त्यानं हात उंच करून चिमटी जुळवली अन् झटक्यात तोडली. तार तुटली! मागावरचा धागा गेला की हीच खूण. पंगतीतल्या कारागिरांनी जेवता जेवता मान वर केली, अन् सवयीनं उष्ट्या हातांनीच खूण मागं धाडली. शेवटी बसलेल्या लोटू कारागिरानं ती कनातीमागं दिली.

भटूदादा बादलीसकट धावत बाहेर आला, मांडवाच्या मधोमध.

"कोनी तार? कोना मागनी?"

गोपालनं बटण दाबलं.

पंगत हसून लोळली. मंगलावहिनीनं कॅमेऱ्यात वाकून बघितलं. गल्ली, पंगती, स्टेजवर पोट धरून हसणारी हर्षदा, आणि मधे तोंड वासून माग शोधणारा बाप. बादलीतलं वरण पायांवर सांडलेलं.

"तोंड तरी मिटानं व्हतं!" ती नवऱ्यावर खेकसली, अन् पदरानं डोळे पुसले.

"दुसरा काढू का वहिनी?"

"नको. हाऊच ऱ्हाऊ दे."