पोळ्याला न उठलेला गोटा

मी एक जुना गोटा आहे. काळा, गोल, अंगाने गुळगुळीत आणि स्वभावाने हट्टी. पुसदच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी एक बंजारा तांडा आहे. तिथल्या तालमीसमोर मी पडून असतो. "पडून असतो" असं मी म्हणतो खरं, पण मित्रांनो, मला कुणी पडलेला म्हटलं की राग येतो. मी बसलेला असतो.

माझा जन्म पूस नदीच्या पात्रातला. पुरांनी मला लोळवून लोळवून असा गोल केला. मग या तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव हिंडत, त्यांच्या हाती मी लागलो. बैलाच्या एका बाजूचं पोतं विकलं गेलं की तोल राहावा म्हणून त्या रिकाम्या बाजूला मला बांधायचे. मी किती मुलूख पाहिला म्हणून सांगू! पुढे बैलांचा व्यापार संपला, माणसं शेती करू लागली आणि मला कामच उरलं नाही. तेव्हा तांड्यातल्या पोरांनी माझ्यावर ताकद आजमावायला सुरुवात केली. पोळ्याच्या संध्याकाळी बैल तोरणाखालून गेले की मला उचलायचं, अशी चाल पडली. जो खांद्यावर घेई त्याला नारळ, फेटा आणि वर्षभराचा तोरा. मलाही तेल आणि कुंकू मिळे.

मला उचलणारा शेवटचा गडी म्हणजे बाबुलाल. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नंतरची पोरं तालमीत आरशासमोर दंड फुगवून फोटो काढतात आणि माझ्यावर मोबाइल ठेवतात. एका म्हाताऱ्याने तर तीन पावसाळे मला बकरी बांधली होती. एवढं होऊनही एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात होती: बाईमाणसाने मला हात लावायचा नाही. लावला तर गोटा जड होतो म्हणे! अहो, साफ खोटं आहे. मी जेवढा आहे तेवढाच आहे. कुणाच्या हातावरून मी वजन बदलत नाही.

बबिताला हा नियम पटायचा नाही. ती सोनीबाईची मुलगी. जिल्ह्याच्या शोध आणि बचाव पथकात पाणबुड्याचं काम करते. पाठीला हवेची टाकी बांधून ती खोल पाण्यात उतरते. तांड्यातल्या पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या उजेडात धावत. तालमीत वजनं होती, दोर होता, पण पोरींना आत यायला बंदी होती. बबिताने भर बैठकीत विचारलं, "काहून बंदी?" तेव्हा तांड्याचे नायक नेमसिंग मिशीवर हात फिरवत हसले.

"ज्या पोळ्याले एखादी पोरगी हा गोटा उचलन, त्या दिवसापासून तालीम पोरींची बी."

"शब्द देता, काका?"

"देल्ला."

झालं! वर्षभर बबिता पथकाच्या मैदानात वजनं उचलत राहिली. पोरींनी तिच्यावर सगळी भिस्त ठेवली. त्यातली जया तर रोज माझ्याजवळ येऊन कानात सांगायची, "यंदा उठजो रे बापा!" मित्रांनो, दगडालाही असं कुणी विनवलं की बरं वाटतं.

पोळ्याच्या सकाळीच बबिताला पथकाचा फोन आला. एका तलावाच्या पाणी सोडायच्या दारात ओंडका अडकला होता. दार लागेना आणि खालच्या गावात पाणी शिरू लागलं होतं. ती गेली. पुन्हा पुन्हा तळाशी उतरली, ओंडका कापून मोकळा केला आणि दुपारी तीनच्या सुमारास शेवटची वर आली. संध्याकाळी ती तांड्यात पोहोचली तेव्हा बैल तोरणाखालून गेले होते, ढोल वाजत होते आणि सगळा तांडा माझ्याभोवती गोळा झाला होता.

ती सरळ माझ्याजवळ आली. माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "काका, मी आज नाई उचलत. उद्या उचलीन."

ढोल थांबले. तालमीची किल्ली कमरेला लावून फिरणारा बबलू ओरडला, "भ्याली रे भ्याली!"

"भ्याली नाई. आत्ताच खोल पाण्यातून आली. तिथं टाकीतली हवा घेतली की त्यातला नायट्रोजन रक्तात मुरते. वर आल्यावर तो हळूहळू निंगून जाते, पण त्याले येळ लागते. तवाच श्वास कोंडून जोर लावला तं त्याचे बुडबुडे सांध्यात नाई तं कण्यात अडकतात. आमच्या पथकाच्या वर्षा मॅडमचा हुकूम हाय, चोवीस तास धावणं नाई, वजन नाई."

"दिसून तं चांगली राह्यली तू," नेमसिंग म्हणाले.

"आमच्या पथकातला जीवन बी चांगलाच दिसत होता. पाण्यातून आला अन् त्याच सांजेले कबड्डी खेळला. खांदा ठणकला, पाय बधिर झाले. नागपूरले जादा दाबाच्या हवेच्या खोलीत ठेवला, तवा कुठं उभा राह्यला."

"आम्ही तं तापात बी उचलत होतो!" बाबुलाल म्हणाला. खरं आहे त्याचं. म्हणूनच आज तो कमरेत वाकला आहे आणि बुटाची नाडी नातवाकडून बांधून घेतो. पण माझं कोण ऐकतं?

सोनीबाईचे डोळे भरले. "बाई, लोक हासून राह्यले. एकदा हात तं घाल." जया नुसती बबिताकडे पाहत राहिली. ते बबिताला सगळ्यात जड गेलं, माझ्यापेक्षाही जड. तिचा तळहात अजून माझ्यावरच होता. मला वाटलं, आता ही वाकणार. मला उठायचं होतं हो, खूप उठायचं होतं! तरीही मी मनात म्हणालो, पोरी, वाकू नकोस. माझ्यापायी तुझे पाय गेले तर ते तेल-कुंकू मला नको.

ती वाकली नाही. लोकांच्या हसण्यातून ताठ मानेने घरी गेली. मी आजवर खूप ताकदवान माणसं पाहिली, पण सगळा तांडा "उचल" म्हणत असताना न उचलणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. लेकरं लाकडी बैल ओढत तालमीसमोर जमली होती. ऊन उतरल्यावर बबिता आली. आधी तिने मॅडमला फोन केला. "बरी हाय मॅडम, कुठं दुखत नाई. आज जोर लावणार हावो, अन् जोरानंतर बी लगेच पाण्यात उतरायचं नाई, म्हणून उद्या मले पाण्यात पाठवू नका." मग ओढणी कमरेला खोचली, खाली बसली, मला कवेत घेतलं आणि मांडीवर ओढलं. तिथून छातीवर. एक हुंकार, आणि मी तिच्या खांद्यावर! किती वर्षांनी मला तांड्याची कौलं वरून दिसली. लेकरांनी लाकडी बैल हवेत उडवले.

नेमसिंग पुढे आले. "पोळा काल झाला, बबिता. शब्द पोळ्याचा होता."

बबिताने वाद घातला नाही. मला खांद्यावर घेऊन ती चालू लागली. गंमत पाहायला बबलू धावत बाहेर आला होता आणि तालमीचं दार सताड उघडं होतं. तिने मला त्या उघड्या दाराला टेकवून खाली ठेवलं, अगदी घट्ट.

"काका, दार लावून घ्या," ती म्हणाली.

बबलूने मला लोटायला हात लावला, तोच लेकरं ओरडली, "लोटते रे, लोटते!" आमच्याकडे गोटा लोटणाऱ्याला बैलांनीही हसावं अशी रीत आहे. तो खजील झाला. मग त्याने उचलायचा प्रयत्न केला. मी त्याच्या गुडघ्यापर्यंतही गेलो नाही. नेमसिंगांनी मिशी ओढली, भोवतालच्या सगळ्या गड्यांकडे एकेक करून पाहिलं. एकही पुढे आला नाही. जयाने चपला काढल्या, उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत गेली. तिच्यामागे बाकीच्या पोरी गेल्या.

मित्रांनो, व्यायाम जरूर करा, घाम गाळा. पण शरीर थांब म्हणेल तेव्हा थांबा, मग समोर अख्खा गाव हसत उभा का असेना. मी अजून त्या दारातच बसलो आहे. ज्याला दार लावायचं असेल त्याने यावं आणि मला उचलून दाखवावं. फक्त आजच खोल पाण्यातून वर आला असाल, तर आज नको, उद्या या. मी इथून हलत नाही.