ऋणनिर्देशाचं पान

"आडनाव आधी सांगा, मग नाव," ग्रंथपालबाई कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाल्या. "आणि जरा सावकाश. हे मशीन माझ्याहून म्हातारं आहे."

ताईंनी भावाचं आडनाव सांगितलं, नाव सांगितलं, वडिलांचं नावही सांगितलं. पडद्यावर चक्र फिरलं आणि उत्तर आलं, शून्य.

ताई पडद्याकडे वाकल्या. "असं कसं? याच विद्यापीठाचा प्रबंध आहे. मी स्वतः..."

"घाबरू नका, असं होतं. जुने प्रबंध स्कॅन केले तेव्हा नावं घाईघाईत भरलीत. कुणाचं आडनाव गाळलंय, कुणाचे वडील. नुसत्या आडनावानं बघू."

नुसत्या आडनावाची दोनशे बारा माणसं निघाली. एवढी माणसं आपल्याच आडनावाची, एवढी शिकलेली, आणि त्यांतलं एकही कधी आपल्या दारात आलं नाही, याची ताईंना गंमत वाटली.

ताईंना घरात ताई म्हणत आणि कॉलेजच्या गल्लीत टायपिंगबाई. कॉलेजसमोरच्या इमारतीत जिन्याखाली त्यांची खोली होती. एक टाइपरायटर, एक टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, बस्स. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अकरावीत होता, तेव्हा त्यांनी ही खोली धरली. पुढं चौतीस वर्षं त्या लोकांचे प्रबंध टाइप करत राहिल्या. किती जणांना त्यांनी डॉक्टर केलं याला गणती नाही. स्वतः मात्र बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापुढे सरकल्या नाहीत.

धाकट्याचा प्रबंधही त्यांनीच केला. खाडीकाठच्या जमिनीतले क्षार असा विषय होता, आणि त्यातलं ताईंना ओ की ठो कळत नव्हतं. तरी दुसऱ्यांची कामं बाजूला सारून त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून केला. शेवटी ऋणनिर्देशाचं तेवढं एक पान उरलं. त्या कागद चढवायला लागल्या तर धाकट्यानं मशीनवर हात ठेवला.

"ताई, हे पान तू नाही करायचं."

"का रे? माझा हात आखडलाय काय?"

"तसं नाही गं. स्वतःचं कौतुक स्वतःच्याच हातानं टाइप करणार का तू? मी दुसरीकडून करून घेतो."

आणि तो हसला होता. ते पान त्यानं दुसरीकडून करून घेतलं, बाइंडिंगही परस्पर झालं. प्रती मार्गदर्शकांना गेल्या, विद्यापीठात गेल्या, एक तो स्वतःबरोबर परदेशी घेऊन गेला. ताईंना काही मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही. आपल्या कौतुकाचा कागद मागून घ्यायचा म्हणजे त्यातली मजाच गेली.

त्या पानावरचा मजकूर मात्र ताईंनी तेहतीस वर्षं मनातल्या मनात लिहिला होता. सुरुवातीला त्यात 'आईच्या जागी असलेली माझी ताई' असं होतं. पुढं पत्रं थांबली, वर्षाकाठी दोन फोन यायला लागले, मग एक. तेव्हा ताईंनीच 'आईच्या जागी' काढून टाकलं आणि 'माझी मोठी बहीण' एवढंच ठेवलं. तेवढं असणारच, यात त्यांना शंका नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी धाकटा तिकडेच वारला. भाची आठवणींची एक पुस्तिका काढणार होती. "आत्या, तुमच्याकडे बाबांचं काही असेल तर पाठवा," असं ती फोनवर म्हणाली. अगदी आदरानं म्हणाली, परक्या माणसाशी बोलतात तशी. ताईंनी तिला सगळं मिळून दोनदा पाहिलं होतं. आपण या मुलीच्या बापाच्या कोण होतो, हे तिला सांगायला ताईंकडे काही म्हणजे काही नव्हतं. होतं ते एक पान, तेही कधी न पाहिलेलं. म्हणून त्या दोन बस बदलून इथं आल्या होत्या.

वर्ष टाकलं, विभाग टाकला आणि दोनशे बारांचे तीन झाले. दुसऱ्या ओळीत धाकटा होता. भरणाऱ्यानं त्याच्या वडिलांचं नाव खरंच गाळलं होतं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. "माझं नाव घालूनही बघता का?" त्यांनी जरा लाजतच विचारलं. "माझंही आहे यात."

ग्रंथपालबाईंनी घालून बघितलं. परत शून्य. "इथं लेखक आणि मार्गदर्शक, दोनच नावांनी शोधता येतं. बाकीची मंडळी आत असतात. ती वाचूनच सापडायची." त्यांनी प्रबंध उघडला, ऋणनिर्देशाचं पान आणलं, खुर्ची ताईंना दिली आणि त्या कपाटाकडे गेल्या.

ताईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. आधी मार्गदर्शकांचे आभार होते, चांगला लांबलचक परिच्छेद. मग विभागप्रमुख, सहकारी, प्रयोगशाळेतला शिपाई, खाडीवर नमुने आणायला होडी देणारा नावाडी. त्याच्या खाली शेवटची ओळ होती.

'प्रबंधाचे सुबक टंकलेखन वेळेत करून दिल्याबद्दल कॉलेजसमोरील टायपिंगबाईंचा मी आभारी आहे.'

पुढं त्याची सही होती.

ताईंनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मधे एखादी ओळ सुटली असेल असं त्यांना वाटलं. काही सुटलं नव्हतं.

त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. राग येईल म्हणून त्या थांबल्या, पण तो आला नाही. आठवलं ते एवढंच, की त्याच महिन्यात मार्गदर्शकांच्या पुतणीशी त्याचं लग्न जमत होतं. सासरची मंडळी हे पान वाचणार होती. जिन्याखाली बसून लोकांचे कागद बडवणारी बहीण त्यात कुठं बसवायची, हे त्याला सुचलं नसेल. पण टायपिंगबाईंचे आभार तर सगळेच मानतात. म्हणून त्यानं ताईंना तिथं बसवलं असेल.

पान तर वाकडं चढवलेलं होतं. डावीकडचा समास खाली जाता जाता अर्ध्यावर आला होता. ताईंनी असं पान दाराबाहेर जाऊ दिलं नसतं.

"सापडलं का नाव?" ग्रंथपालबाईंनी कपाटापासून विचारलं. "प्रिंट काढू?"

"सापडलं," ताई म्हणाल्या. "प्रिंट नको."

त्या पुढची पानं बघत बसल्या. एकशे बाराव्या पानावर चौदा रकान्यांचं कोष्टक होतं. ते त्यांनी दोनदा फाडून तिसऱ्यांदा केलं होतं. एकही आकडा ओळीच्या बाहेर गेला नव्हता. त्या कोष्टकावर त्या बराच वेळ थांबल्या, मग ग्रंथपालबाईंचे आभार मानून घरी आल्या.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"आत्या, मिळालं का काही?"

"शाळेतला एक फोटो आहे गं. उद्या पाठवते."

"चालेल की. आणि एक विचारायचं होतं. मी बाबांचं नाव टाकून शोधलं, तर त्यांचा प्रबंधच मिळाला. त्यात ज्यांचे आभार मानलेत ना, त्या सगळ्यांना बाबांचं कळवावं असं मनात आलं. त्यातले बरेचसे गेलेत. पण एक टायपिंगबाई आहेत, कॉलेजसमोरच्या. तुम्ही ऑफिसात होता असं बाबा सांगायचे, तेव्हा तुमची ओळख नसेल, पण गावातल्या आहेत म्हणून विचारते. माहीत आहेत का तुम्हाला?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माहीत आहेत," त्या म्हणाल्या.

"अजून आहेत?"

"आहेत."

"मग त्यांना सांगाल का, बाबा गेले म्हणून?"

"त्यांना कळलंय."

"हो? काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाळा," ताई म्हणाल्या. "हातात येईल तो कागद जसाच्या तसा उतरवायचा, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, अशी सवय होती त्यांना."